हवेचं वय

इतरांच्या घरी बोलायला काही उरलं नाही की माणसं हवामानावर बोलतात. आमच्या घरी दोन वर्षं त्यावर बोलायला बंदी होती. चैत्रातच पारा सत्तेचाळीसवर गेला, शाळा उजाडायच्या आत भरायला लागल्या, भर दुपारी मांडवखेडची बाजारपेठ कुलपं लावून झोपायला लागली, तरी आमच्याकडे कोणी "काय उकडतंय!" म्हणायचं नाही. म्हटलं की यांचं व्याख्यान सुरू व्हायचं, आणि व्याख्यानातून लेकीचा विषय निघायचा.

हे म्हणजे प्राध्यापक शिरीष मुखेडकर. इतिहास शिकवून निवृत्त झाले, बोलण्यातून मात्र झाले नाहीत. गाव त्यांना सर म्हणतं. मीही इथे सरच म्हणते, म्हणजे जरा मोकळेपणानं लिहिता येईल.

आमच्या गावात वसंत व्याख्यानमाला आहे आणि तिचं शेवटचं पुष्प वर्षानुवर्षं सरांचं. एकदा हवामानावर बोलले, सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी, तेव्हापासून विषय तोच. "दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं पडला म्हणतात. तेव्हा मांडवखेडात किती मोटारी होत्या हो? सूर्य तापतो, ज्वालामुखी फुटतात, समुद्र कूस बदलतो. एवढ्या मोठ्या कारभारात माणसाची काय बिशाद!" 'काय बिशाद' म्हणताना उजवा हात असा झटकायचे की पहिल्या रांगेतली मंडळी टाळ्यांसाठी हात वर धरूनच बसलेली असायची. मोठ्या शहरांत गार खोल्यांत बसून आमच्या चुलीच्या धुरावर निबंध लिहिणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. तो राग मला पटायचा. बाकीचं पटायचं नाही, पण मी गप्प राहायचे, कारण घरात एक वक्ता पुरतो.

आमची एकुलती एक ओवी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. ती बोलते कमी आणि मोजते जास्त. तिच्या गटानं एक यंत्र बनवलं होतं, त्याला ते आपसांत 'नाक' म्हणायचे. ते काय करतं हे तिनं मला एकदा फोनवर सांगितलं. मी भाकरी थापत होते.

"आई, कार्बन दोन तऱ्हेचा असतो असं समज. ताजा आणि शिळा."

"भाकरीसारखा?"

"तसाच. बघ, अंतराळातून येणारे किरण खूप उंचावर हवेवर आदळतात. त्यातून कार्बनचा एक दुर्मिळ भाऊ तयार होतो, कार्बन-चौदा. अगदी चिमूटभर, पण सतत. झाडं हवेतला कार्बन घेतात तेव्हा तोही घेतात. झाडं आपण खातो, म्हणून तो तुझ्या-माझ्या अंगातही असतो. जीव गेला की नवा येणं बंद. आत असलेला हळूहळू विझत जातो. पन्नास-साठ हजार वर्षांत मोजण्यापुरताही राहत नाही."

"मग?"

"मग दगडी कोळसा, डिझेल, तुझ्या शेगडीतला गॅस, हे सगळं कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेलं आहे. त्यात कार्बन-चौदा नावालाही नाही. तो शिळा. लाकूड, शेणी, धान्य, तुझी ज्वारी, हा ताजा. हवेचा घास घेतला आणि दोन्हींचं प्रमाण काढलं की कळतं, यातलं किती जमिनीखालून उकरून जाळलेलं आहे."

पूर्वी हे मोजायला खोलीभर यंत्र आणि पुष्कळ दिवस लागायचे. ओवीच्या पेटीत समोरासमोर दोन आरसे होते. त्यांच्यामध्ये लेसरचा किरण लाखो वेळा इकडून तिकडे जायचा, आणि कार्बन-चौदा असलेला रेणू त्यातला नेमका एक रंग गिळायचा. किती रंग गिळला गेला, त्यावरून किती ताजा ते कळायचं. सगळा सरंजाम एका लोखंडी ट्रंकेएवढा. शेजारी दुसरं एक यंत्र त्याच हवेतला प्राणवायू मोजायचं, कारण काही जळलं असेल तर प्राणवायू कमी झालेला असणारच.

मला फार अभिमान वाटला. सरांनाही वाटला असावा. पण त्यांचा अभिमान व्यासपीठावर बाहेर पडला आणि तिथे त्याचा विनोद झाला. "आमची कन्या हवा बाटलीत भरून तिला वय विचारते," सर म्हणाले, "बाईमाणसाला वय विचारू नये, एवढंही पुण्यात शिकवत नाहीत वाटतं." सभागृह हसून लोटपोट. ओवी तिसऱ्या रांगेत बसली होती, मुद्दाम रजा काढून आलेली. ती उठली, घरी येऊन पिशवी घेतली आणि संध्याकाळच्या बसनं गेली. त्यानंतर बापलेकीत बोलणं नाही. फोन माझ्याकडे यायचा, आणि सर शेजारच्या खोलीत दूरदर्शनचा आवाज बारीक करायचे.

हे असंच चाललं असतं, पण आमच्या नगराध्यक्ष उज्ज्वलाताई साबणे मध्ये पडल्या. ओवीच्या संस्थेला आपली यंत्रणा बसवायला पहिलं गाव हवं होतं. ओवीनं मांडवखेडचं नाव दिलं. पाण्याच्या टाकीवर 'नाक' बसवायचं, वाऱ्याकडच्या मोकळ्या माळावर दुसरं, आणि दोन्हींच्या फरकातून गाव रोज किती शिळा कार्बन सोडतंय ते चौकात फलकावर दाखवायचं, अशी योजना. उज्ज्वलाताई घरी आल्या आणि माझ्यासमोर सरांना म्हणाल्या, "सर, अर्धं गाव तुमचं ऐकतं. तुम्ही थोतांड म्हणालात की त्या फलकावर पोरं क्रिकेटचा स्कोअर लिहितील. तुमच्याच व्याख्यानाच्या दिवशी होऊन जाऊ दे उघड परीक्षा. वेगवेगळ्या हवेच्या बंद बरण्या ठेवू. यंत्रानं ओळखलं तर टाकीवर चढेल. एक जरी चुकली तर विषय संपला."

"एक चुकली तर संस्थाही पैसे थांबवणार आहे," मी म्हणाले. ओवीनं मला सांगितलं होतं. गटातली सगळी पोरं घरी जाणार होती.

सरांनी उठून पंख्याचा वेग वाढवला. मग म्हणाले, "मंजूर. यंत्र जिंकलं तर मी व्यासपीठ सोडीन. पुन्हा माईकला हात लावणार नाही. पण एक बरणी मी स्वतः भरणार."

उज्ज्वलाताई खूश होऊन गेल्या. मी मात्र दोन्ही बाजू मोजत बसले. यंत्र हरलं तर लेक कायमची तुटणार होती, आणि यंत्र जिंकलं तर या माणसाकडून बोलणं काढून घेतल्यावर मागे काय उरणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

परीक्षेसाठी ओवी गावात आली, पण उतरली विश्रामगृहात. मी डबा पाठवला. सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "धपाटे दिलेस ना? तिथलं जेवण तिखटजाळ असतं." मी "हो" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं.

आता समईबद्दल सांगायला हवं. व्याख्यानमालेची एक पितळी समई आहे, माझ्या खांद्याएवढी. पूर्वी माझ्या सासूबाई ती घासायच्या, तेलवात करायच्या आणि लावायच्या. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. पाहुणे नुसती काडी लावतात आणि फोटो काढून घेतात. सासूबाई घाण्यावरचं करडईचं तेल घालायच्या, मीही तेच घालत आले. पण करडईचं तेल समईला धरून बसतं. वाळलं की डिंकासारखं चिकट होतं आणि चिंच-मीठ लावून घासता घासता खांदे भरून येतात. या वर्षी दुकानात खास दिव्याचं तेल दिसलं. बाटलीवर तिळाचं फूल, वर देवीचं चित्र, 'शुद्ध दीप तेल'. म्हटलं, चला, तिळाचं आहे, देवालाही चालतं. घातलं. आणि काय सांगू, रोज सकाळी नुसतं फडकं फिरवलं की समई लख्ख. मी शेजारणींना सांगत सुटले होते.

शेवटच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्य मावळला तरी भिंती गरम होत्या. व्यासपीठावर एका बाजूला समई, मध्ये ट्रंकेएवढं 'नाक', त्याच्यामागे खाली मान घातलेली ओवी. दुसऱ्या बाजूला सर, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. हायस्कूलचे विज्ञानाचे मोमीन गुरुजी पंच होते. रबरी बुचाच्या काचेच्या बरण्या त्यांनी भरल्या होत्या, कुठली कशाची हे त्यांनाच माहीत.

ओवीनं पहिल्या बरणीच्या बुचात सुई खुपसली. पंप घरघरला. पडद्याकडे बघत ती माईकपासून इतकी लांब बोलली की मागून "आवाज! आवाज!" असा ओरडा झाला.

"ताजा," ती पुन्हा म्हणाली. "प्राणवायू कमी झालाय. बाष्प खूप. श्वास असावा."

"माझाच आहे," मोमीन गुरुजी म्हणाले. "विडा खाऊन सोडलेला." लोक हसले. सरांचा एक हुकमी टोला होता, 'श्वासातूनही कार्बन जातो, मग काय श्वासावर बंदी आणता?' त्याचं उत्तर असं विडा खाऊन आलं. जे या वर्षीच्या ज्वारीतून आलं ते पुढच्या वर्षीच्या ज्वारीत परत जाणार. श्वासानं हवेत नवी भर पडत नाही.

गॅसच्या शेगडीवरची बरणी तिनं पटकन ओळखली: शिळा. त्याच्यानंतरची आली ताजी. "लाकूड किंवा शेणी," ओवी म्हणाली.

"शेणीची चूल," गुरुजी म्हणाले.

सर खुर्चीत जरा पुढे सरकले. चूल निर्दोष सुटेल याची त्यांना कल्पना नव्हती. शहरातल्या लोकांशी ते ज्या गोष्टीवरून आयुष्यभर भांडले, ती त्यांच्या बाजूनं बोलायला लेकीचं यंत्र उभं राहिलं होतं.

मग एक विचित्र बरणी आली. ओवीनं दोनदा मोजलं. "शिळा आहे. पण प्राणवायू खर्च झालेला नाही. म्हणजे हे काही जळलेलं नाही. दगडातून निघालेला कार्बन आहे."

गुरुजींचा चेहरा फुलला. "खाण्याचा सोडा आणि लिंबू! सोडा खनिजच की."

"म्हणजे ज्वालामुखी!" सर उठून म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "मी काय म्हणत होतो? जमिनीतूनही शिळाच येतो. मग माणसाच्या माथी कशाला मारता?"

दोन वर्षांत लेकीशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ओवीनं मान वर केली. "ज्वालामुखीचा कार्बन या बरणीसारखा दिसतो, बाबा. प्राणवायू तेवढाच राहतो. पण जगभरच्या हवेत कार्बन वाढतोय आणि त्याच्या जोडीनं प्राणवायू घटतोय. म्हणजे काहीतरी जळतंय. आणि जे जळतंय ते शिळं आहे. ज्वालामुखी कोळसा खात नाहीत."

"आणि सूर्य? तो जास्त तापला तर?"

"सूर्य तापला असता तर हवेचे सगळेच थर तापले असते. खालची हवा तापतेय आणि खूप वरची गार होतेय. पांघरुणात उकडतं आणि बाहेर गारठा असतो, तसं. तसं पांघरूण हा कार्बन घालतो."

सरांना हे नवं होतं, आणि नवं काही ऐकलं की ते हनुवटी खाजवतात. तशी त्यांनी खाजवली. मला वाटलं, मिटलं एकदाचं. पण सरांची स्वतःची बरणी बाकी होती.

ओवीनं सुई घातली, आकडे बघितले, पुन्हा पंप चालवला. "शिळा," ती म्हणाली. "जवळजवळ पूर्ण शिळा. जळलेला."

सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. सभागृहाचा ताबा घेण्याआधी ते नेहमी असेच क्षणभर थांबतात. "मंडळी, ही बरणी मी मोमीन गुरुजींसमोर या समईवर धरून भरली आहे. आपल्या व्याख्यानमालेच्या समईवर. तेल आहे तिळाचं. ओवीताई, तीळ कोणत्या खाणीतून काढतात हो?"

असा हशा मी त्या सभागृहात कधी ऐकला नव्हता. माणसं बाकांवर हात आपटत होती. गुरुजींनी मान हलवून दुजोरा दिला. काय करतील बिचारे, बरणी खरंच समईवर भरली होती. ओवी पांढरीफटक पडली. "यंत्र बरोबर सांगतंय," ती म्हणाली, पण ते मला दिसलं फक्त, ऐकू आलं नाही. उज्ज्वलाताई निकाल सांगायला उठत होत्या.

मी समईकडे बघत होते. लख्ख समई. इतके दिवस रोज तेल जळूनही कुठे चिकट नाही, राप नाही, ओघळाची रेघ नाही. आयुष्यभर ज्या तेलांनी माझे खांदे दुखवले ती सगळी झाडाची होती. तिळाचं काय, जवसाचं काय, कढईच्या काठाला बसलेलं घासून घासून नखं जायची. आणि हे तेल तसं का नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, कारण मला घासायचा कंटाळा होता. खात्री नव्हती. चुकले तर लेकीची दुसऱ्यांदा फजिती होणार होती, तीही आईच्या हातून. बरोबर ठरले तर सबंध गावासमोर नवऱ्याला खाली बसवणार होते.

मी उभी राहिले. "तेल मी आणलंय," म्हणाले. "ते तिळाचं नसावं."

हशा तुटला. सर व्यासपीठावरून हळू आवाजात म्हणाले, "हेमांगी, खाली बस."

"दोन वर्षं बसलेच आहे मी," मी म्हणाले.

मग समईचं सगळं सांगितलं, चिंच-मिठापासून फडक्यापर्यंत. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. निम्म्याजणींच्या घरी माझ्याच सांगण्यावरून ती बाटली गेली होती. "आमच्या घरी ओट्याखाली निळ्या डब्यात घाण्यावरचं करडईचं तेल आहे," मी म्हणाले. "घर मागच्या गल्लीत. गुरुजींनी स्वतः जाऊन आणावं. दोन वाती लावा, एक समईमागे ठेवलेल्या त्या बाटलीतल्या तेलाची, एक डब्यातल्या. आणि दोन्ही हुंगवा त्या नाकाला."

उज्ज्वलाताईंनी सरांकडे बघितलं. "सर, आपलं ठरलं होतं त्या हिशेबानं यंत्र चुकलंय. पुन्हा तपासायचं की नाही, ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर इथेच संपलं."

खरंच संपलं असतं. एक शब्द पुरे होता. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना राग आलेला मला दिसत होता. मग त्यांनी ओवीकडे बघितलं. ती ट्रंकेच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. लहानपणी सायकल शिकताना हँडल धरायची तशी.

"इतिहासाचा मास्तर आहे मी," सर म्हणाले. "एका साक्षीवर निकाल देत नाही. आणा तेल."

गुरुजी धावतच गेले आणि डबा छातीशी धरून धापा टाकत आले. दोन पणत्या मांडल्या. बाटलीच्या तेलावर धरलेली बरणी आधी लावली. पंप घरघरला.

"शिळा."

मग करडईची. त्या बरणीला जेवढा वेळ लागला तेवढा माझ्या बाळंतपणालाही लागला नसेल.

"ताजा," ओवी म्हणाली, आणि तिनं माईक जवळ ओढला. "पूर्ण ताजा, आई."

गुरुजींनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, वास घेतला, बोटांवर चोळून बघितलं. "हे खनिज तेल आहे," ते म्हणाले. "डिझेलच्या घरातलंच. वास काढून, पिवळा रंग घालून आणलंय. फूल तेवढं तिळाचं!" आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. ज्या सभागृहानं माझ्या लेकीला हसून घालवलं होतं, ते सगळं तिच्यासाठी उभं राहिलं होतं. मीही टाळ्या वाजवत होते आणि ओरडतही होते, काय ते आठवत नाही.

सर समईपाशी गेले. दिव्याला कोणी फुंकर मारत नाही; त्यांनी समईवरच्या हारातलं फूल काढून एकेक वात शांत केली. मग करडईच्या तेलाची पणती उचलून समईच्या तबकात ठेवली आणि माईकपाशी आले.

"देवीसमोरही आपण जमिनीतलं डिझेल जाळतोय," ते म्हणाले, "आणि मी तुम्हाला सांगत होतो, माणसाची काय बिशाद! मंडळी, मी चुकलो. माझी मुलगी बरोबर आहे. त्या दिवशी तिला हसलो, ते मी करायला नको होतं. शब्द दिल्याप्रमाणे हे माझं शेवटचं बोलणं." आणि त्यांनी माईक टेबलावर ठेवला.

ओवीनं तो उचलला. "चुलीबद्दल तुम्ही बरोबर होतात, बाबा," ती म्हणाली. "ते माझ्या अहवालात पहिल्या पानावर येईल."

त्या रात्री ती विश्रामगृहातली पिशवी घेऊन घरी आली. जेवताना सर मला एवढंच म्हणाले, "घरी सांगता आलं असतं."

"घरी तुम्ही ऐकता?" मी म्हणाले. ओवीला हसू आवरेना. मग सरांनाही आवरेना. तिच्या पानात त्यांनी स्वतः उठून धपाटं वाढलं.

त्यानंतरचं वर्ष मांडवखेडनं गाजवलं. 'नाक' टाकीवर चढलं, आणि चौकातल्या फलकावर रोज संध्याकाळी गावाचा शिळा वाटा लागायला लागला. आधी लोक गंमत म्हणून बघायचे. मग भांडायला लागले. आकडा चढला की "कोणाच्या लग्नात जनरेटर लावला रे?" अशी चौकशी व्हायची आणि वरबाप तोंड लपवायचा. आकडा म्हणजे नुसता हवेत सोडलेला आरोप राहिला नव्हता. कोणीही टाकीवर जाऊन बघावं. वीटभट्टीवाल्यांनी दगडी कोळसा सोडून तुराट्या आणि भुशाच्या कांड्या आणल्या. बाजार समितीनं मालाच्या गाड्या विजेवर नेल्या आणि वीज शेडच्या पत्र्यावरच्या सूर्यपट्ट्यांवर. घाण्यापुढे रांग लागली. ज्या दुकानातून मी बाटली घेतली, त्या दुकानदारानं मला बघून दोनदा रस्ता बदलला. पुढे तोही घाण्याचंच तेल विकायला लागला. शेजारच्या गावांनी यंत्र मागितलं, मग जिल्ह्यानं. दिल्लीच्या एका बैठकीत कोणीतरी जुनं पालुपद लावलं, कार्बन कोणाचा कुणास ठाऊक म्हणून, तर म्हणे समोरच्यानं विचारलं, "मांडवखेडचा फलक बघितलात का?"

सर या सगळ्यात होते, पण गप्प. तुराट्यांच्या गाड्या ठरवायला जायचे, भट्टीवाल्यांना समजावायचे, मात्र चारापेक्षा जास्त माणसं जमली की उठून यायचे. दिलेला शब्द पाळत होते. घरात इतकी शांतता मला सोसवत नव्हती. बोलत असताना मी कंटाळायचे, आणि आता आरशापुढे दाढी करताना ओठ हलवणारा तो माणूस बघून गलबलून यायचं.

वसंत व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस पुन्हा आला. सभा या वेळी चौकातच ठेवली होती, फलकासमोर. वर्षभरानंतरचा आकडा लागणार होता. लागला. यंत्र टाकीवर चढलं तेव्हाच्या निम्म्याहून खाली. क्षणभर लोकांना कळलंच नाही, आणि मग सगळा चौक उठला. कोणी गुलाल आणला होता. निवडणुकीचा उरलेला असावा. तो उज्ज्वलाताईंच्या पांढऱ्या साडीवर पडला, मोमीन गुरुजींच्या दाढीत गेला. भट्टीवाले एकमेकांना खांद्यावर घेत होते. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बोलायला ओवीला उभं केलं. तिनं माईक घेतला, दोन आकडे सांगितले, आणि तिचं बोलणं संपलं. मग ती खाली उतरून गर्दीतून तिसऱ्या रांगेत बसलेल्या बापापाशी गेली.

"बाबा, मला मोजता येतं. सांगता येत नाही. चला."

"शब्द दिलाय मी."

"माझ्या यंत्रावरूनच दिला होता ना? मग मी परत केला. आता उठा."

सर उठले. झब्ब्याला इस्त्री नव्हती. माईकसमोर उभे राहिले आणि बराच वेळ त्यांना शब्दच सुचेना. मी पहिल्यांदाच त्यांना तसं बघत होते.

"दुर्गादेवीचा दुष्काळ पडला," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा आपल्या पूर्वजांनी आभाळाकडे बघून हात जोडले. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं. मी वर्षानुवर्षं तुम्हाला विचारलं, माणसाची काय बिशाद? प्रश्न बरोबर होता, मंडळी. उत्तर चुकीचं देत होतो. ज्यानं सबंध पृथ्वीची हवा तापवून दाखवली, त्याची बिशाद लहान कशी असेल? आणि तेवढी बिशाद आहे," त्यांनी उजवा हात वर केला आणि या वेळी तो झटकला नाही, फलकाकडे धरला, "तर हे बघा, ती अशीही वापरता येते."

पहिली रांग टाळ्यांसाठी तयार नव्हती. त्या टाळ्या मागून, भट्टीवाल्यांकडून सुरू झाल्या आणि पुढे आल्या. ओवी शिट्टी वाजवत होती. तिला शिट्टी वाजवता येते हे मला माहीत नव्हतं.

समई व्यासपीठाच्या कडेला जळत होती. करडईचं तेल ओघळून दांडीवर आलं होतं, काठाला राप धरला होता. उद्या सकाळी चिंच-मीठ घेऊन घासायला बसावं लागणार, खांदे भरून येणार. येऊ देत. सरांनाही घेऊन बसणार आहे शेजारी. घासता घासता बोलतील.